गावच्या घराचं इंटिरियर आणि आईचा पाट

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरसोबत येणारी घर-सजावटीची पुरवणी आमच्याकडे आधी बायको वाचते आणि मग मी चहा घेताना चाळतो. गेले काही महिने त्यात गावाकडच्या घरांच्या मेकओव्हरचे फोटो फार यायला लागलेत. आता २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आलाय, त्र्यंबककडे आणि गंगापूर धरणाच्या बाजूला जो तो होमस्टे काढतोय, त्यामुळे ते साहजिकच आहे म्हणा. फोटो छान असतात, त्याबद्दल वाद नाही. पण एका पण फोटोत माणूस नसतो. दारात चपलांचा ढीग नाही, कोपऱ्यात फवारणीचा पंप नाही, कांद्याची गोणी नाही, चार्जिंगला लावलेली बॅटरी नाही, आणि म्हातारं माणूस तर औषधाला सुद्धा दिसत नाही. मला विचाराल तर ते घर नाही, घराच्या साखरपुड्याचा फोटो आहे. हे मी चेष्टेने लिहीत नाही, असल्याच फोटोंच्या नादात आमचे नऊ लाख गेलेत म्हणून लिहितोय.

मी सातपूरला एका कंपनीत तीस वर्षं काढून रिटायर झालो, राहायला सिडकोत, पण मूळ घर निफाड तालुक्यात, गोदाकाठच्या गावात. तिथे थोरला भाऊ, वहिनी, पुतण्या आणि आई. घर पणजोबांनी बांधलेलं, पाच खणांचं. खण म्हणजे काय ते आता पोरांना सांगावं लागतं, दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, आमच्याकडे पूर्वी घर स्क्वेअर फुटात मोजतच नव्हते, मुलगी द्यायची तरी पाहुणे विचारायचे घर किती खणांचं. खाली काळ्या दगडाचं जोतं, त्यावर पांढऱ्या मातीच्या सव्वादोन फूट जाडीच्या भिंती, सागाचे खांब, खांबावर कोरीव तोडे आणि तोड्यांवर तुळया. वरचं मातीचं धाबं वडिलांनीच ९४ साली काढून पत्रे टाकले, कारण दर मे महिन्यात धाब्यावर नवी माती टाकायला माणसंच मिळेनात.

पुतण्याचं लग्न ठरलं मे २०१९ चं. आता लग्न म्हणलं की गावाकडे पहिला प्रश्न घर दिसायला कसं आहे. मुलीकडचे पाहुणे पिंपळगावचे, त्यांचा बंगला नवा, त्यामुळे दादाला टेन्शन. मीच पुढाकार घेतला, चूक माझीच, म्हणलं नाशकात एक इंटिरियरवाले आहेत ओळखीचे, त्यांना दाखवू. ते आले, लेझरच्या मशीनने मापं घेतली, आठ दिवसांनी थ्रीडी पाठवलं. त्या थ्रीडीत आमच्या माजघरात एल शेपचा सोफा होता, पांढरी चकचकीत फरशी होती आणि टीपॉयवर ऑर्किडची फुलं होती. आम्ही सगळे मोबाईलभोवती गोळा होऊन बघत होतो. आईला पण दाखवलं, तिने चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, "हे कोणाचं घर हाय?" आम्ही सगळे हसलो. तिने प्रश्न बरोबर विचारला होता पण तेव्हा कुठं कळायला.

काम काय काय केलं ते थोडक्यात सांगतो. मातीच्या भिंतींना जाळी ठोकून सिमेंटचं प्लास्टर, वर पुट्टी आणि टेक्स्चर. पत्र्याखाली पीओपीची फॉल्स सीलिंग आणि त्यात निळे लाईट. कोबा फोडून दोन बाय चारच्या ग्लॉसी टाइल्स. कोनाडे, दिवळ्या, फडताळं सगळी विटांनी बुजवून भिंत "क्लीन" केली. ओसरी पुढून अॅल्युमिनियमच्या स्लायडिंगने बंद. मॉड्युलर किचन. चार तोडे मध्ये येत होते ते कापून काढले आणि कॉन्ट्रॅक्टरने भंगाराच्या भावात नेले. (त्यातला एक किंवा अगदी तसाच एक तोडा मला नंतर गंगापूर रोडला एका हॉटेलात भिंतीवर स्पॉटलाईटखाली लावलेला दिसला. आमचाच होता असं म्हणत नाही, पण जेवण काही गेलं नाही.) आपण चांदवडला होळकरांचा रंगमहाल बघायला जातो, तिथल्या लाकडी खांबांना हात लावून वाहवा करतो, आणि घरचा तोडा किलोवर देतो, अशी आपली तऱ्हा.

लग्न झक्कास झालं. पाहुणे खूश, फोटो खूश, दादा खूश.

मग आला पाऊस. २०१९ चा पाऊस गोदाकाठ विसरणार नाही, ऑगस्टच्या सुरुवातीला नाशकात नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला आणि खाली सायखेडा, चांदोरीत पाणी घुसलं. आमच्या घरात पूर आला नाही पण आठ-दहा दिवस जमीन नुसती भिजलेली, आणि दिवाळीत परत अवकाळीने झोडपलं, द्राक्षबागा गेल्या. त्या गडबडीत भिंतीकडे कोण बघतो. डिसेंबरात वहिनीने कपाट सरकवलं तर मागे टेक्स्चरला पोट आलेलं, बोटाने दाबलं तर अख्खा पोपडा हातात, आणि आतली माती ओली. चांगली ओलसर, लाडू वळता येईल अशी. शंभर वर्षं कोरडी राहिलेली भिंत सहा महिन्यांत आतून भिजली.

कारण नंतर कळलं ते सांगतो, कारण या एका गोष्टीपायी निम्म्या तालुक्यातली घरं खराब होताना मी बघतोय. मातीची भिंत जमिनीतली ओल थोडीफार ओढतेच, जुन्या घरांना खाली डीपीसी, म्हणजे ओल अडवणारा थर, वगैरे काही नसतं. पण तिला वरून शेणामातीचा गिलावा किंवा चुना असला तर ती ओल दोन्ही बाजूंनी हवेत सुकून जाते. सिमेंट आणि पुट्टीने तुम्ही तिचं तोंड बांधता. मग ओल बाहेर पडायला जागा शोधत भिंतीत आणखी वर चढते, सोबत क्षार नेते, ते क्षार प्लास्टरच्या मागे साठून फुगतात आणि प्लास्टर ढकलून देतात, त्यालाच आपण लोणा लागला म्हणतो. लोक काय करतात, परत सिमेंट मारतात, वॉटरप्रूफिंगचा डबा आणतात, म्हणजे तोंड अजून घट्ट बांधतात. आणि खांबाचा बुडखा अशा ओल्या भिंतीत असला की वाळवी आलीच समजा. आमच्या दोन खांबांना आली.

यात अजून एक गोष्ट आहे ती डिझायनरच्या हातातली नाही, म्हणून मुद्दाम पेपरात लिहितोय. गावातल्या गल्लीचं काँक्रिटीकरण. दर चार-पाच वर्षांनी जुना रस्ता न खोदता त्याच्यावर नवा थर टाकतात. मी लहान होतो तेव्हा ओट्यावर चढायला तीन पायऱ्या होत्या, आज एक आहे, ती पण अर्धी. जोतं होतं तिथेच आहे, रस्ता वर आला. आता पावसाचं पाणी गल्लीतून थेट जोत्याला लागून उभं राहतं आणि दगडाच्या सांध्यातून आत मुरतं. तुम्ही घरात लाखाचं इंटिरियर करा नाहीतर दहा लाखाचं, बाहेरचा रस्ता उंबऱ्याच्या बरोबरीला आला की सगळं पाण्यात. हे एकट्या आमच्या गावाचं नाही, कुठल्याही जुन्या गावठाणात जाऊन पायऱ्या मोजा. रस्ता खोदून जुन्या लेव्हलला करा एवढं एक वाक्य टेंडरात घालायला काय अडचण आहे ते मला तरी समजत नाही.

आता किचन. इथे जरा वेळ लावतो.

मार्च २०२० ला लॉकडाऊन लागला आणि आम्ही नाशिकचे चौघं, पुण्याची बहीण आणि तिची दोन मुलं असे सगळे गावी जाऊन राहिलो, एकूण बारा माणसं अडीच महिने. लग्नाला घर दोन दिवस वापरलं होतं, आता खरं वापरलं. तिसऱ्या दिवशी सकाळी मी पाणी प्यायला आत गेलो तर आई ओट्यापाशी पाटावर उभी. देवघरातला पाट. म्हणलं हे काय, तर म्हणे, "वटा उंच हाय बाबा, भाकर थापायला जोर येत न्हाई." आईची उंची चार फूट नऊ इंच. ओटा छत्तीस इंच. छत्तीस का, तर डिझायनरने सांगितलं होतं भविष्यात खाली डिशवॉशर बसवायला बरं पडतं. म्हणजे जे मशीन आमच्या घरात नाही त्याच्या उंचीचा ओटा केला, आणि जी बाई साठ वर्षं त्या घरात भाकरी करतेय तिला पाटावर चढवलं, एकोणऐंशी वर्षांच्या बाईला. आणि ती वर्षभर कोणाला बोलली नाही कारण पोरांनी हौसेने खर्च केलाय.

बाकी किचनची कथा तुम्हाला माहीत असेलच. गावाकडे स्वयंपाकघर पाणी टाकून धुतात, खालचं प्लायवूड पहिल्याच वर्षी फुगलं. ट्रॉल्यांमागे उंदरांनी संसार मांडला, पूर्वी ओट्याखाली मोकळं असायचं, उंदीर दिसायचा तरी. वर्षाचे गहू-बाजरी ठेवायला जागाच काढली नव्हती, कोठ्या शेवटी नव्या हॉलमध्ये सोफ्याशेजारी आल्या. अठरा हजारांच्या चिमणीखाली फक्त चहा व्हायचा, कारण मिसळीचा मसाला भाजणं, पुरणपोळ्या, पाहुणे आले की मटण हे सगळं मागच्या पडवीत चुलीवर, आणि त्या पडवीला ना लाईट ना नळ, कारण ती थ्रीडीत नव्हतीच. हिशोब केला तर एकट्या किचनला दोन लाख दहा हजार गेले. समोरच्या घरकुलाला तेव्हा सरकारकडून १ लाख २० हजार मिळाले आणि त्यात पंचवीस चौरस मीटरचं घर स्वयंपाकाच्या जागेसकट उभं करायचं होतं. तिथल्या बाईचा ओटा तिच्या मापाचा आहे, मी जाऊन बघितला.

फरशीचं फार लिहीत नाही. गोदाकाठची काळी माती पावसाळ्यात चपलेला किलोभर चिकटते, पांढऱ्या फरशीवर वहिनी दिवसातून चार वेळा पोछा मारायची, आणि जुलैत अशाच ओल्या फरशीवर आई घसरली. खुब्याचं हाड मोडलं. कोविडच्या दिवसात नाशकात बेड शोधताना काय झालं ते आठवत पण नाही. ऑपरेशन झालं, देवाच्या दयेने चालते आता, काठी घेऊन.

त्यानंतर दोन वर्षं आम्ही काहीच केलं नाही, पैसे पण नव्हते आणि धीर पण. २०२२ च्या उन्हाळ्यात परत हात घातला. माझी मुलगी तोपर्यंत आर्किटेक्चरला गेली होती, तिनेच सिन्नरकडचे एक म्हातारे मिस्त्री शोधले ज्यांना चुन्याचं काम येतं. त्यांनी आल्यावर मशीन काढलं नाही. आधी घराभोवती फिरले, पन्हाळीचं पाणी कुठे पडतं ते विचारलं, न्हाणीचं पाणी कुठे जातं ते बघितलं, आणि मग म्हणाले, "भाऊ, सहा महिने आत काहीच करू नका. पहिलं हे सिमेंट काढा आणि भिंतीला उघडी ठेवा, तिला वाळू द्या." ऐकायला वेड्यासारखं वाटलं पण केलं. घराच्या बाहेरून जोत्याला लागून दीड फुटाचा चर खणला, त्यात खडी भरली आणि पाणी गटारीकडे काढलं. खर्च अकरा हजार. माझ्या मते अख्ख्या घरात सगळ्यात फायद्याचं इंटिरियर तेच, आणि ते बाहेर आहे.

मग मागच्या परसात खड्डा घेऊन कळीचा चुना भिजवला. कळीवर पाणी टाकलं की जो फसफसून उकळतो, ते बघायला गल्लीतली सगळी पोरं जमली होती (लांब उभं करा पोरांना, डोळ्यात उडाला तर खेळ नाही). तो महिनाभर पाण्याखाली ठेवला, मग वाळू आणि विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, मिसळून दोन थर दिले. चुना सिमेंटसारखा रात्रीत कडक होत नाही, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन महिनोन् महिने हळूहळू दगड होत जातो, त्यामुळे घाई असेल त्याने या वाटेला जाऊ नये. वर चुन्याचीच सफेदी, किंचित नीळ घालून. चार पावसाळे बघतोय, ओल येते पण सुकते. भिंत सपाट नाही, लाईट पडला की उंचसखल दिसते, आम्हाला आवडते.

पीओपी काढली. तिच्यावर उंदरांच्या लेंड्या किती निघाल्या ते लिहीत नाही, कोणी जेवताना पेपर वाचत असेल. वरून पत्र्याला पांढरा रंग दिला, पत्र्याखाली वरच्या बाजूला गरम हवा जायला दोन्हीकडे झरोके काढले आणि पेठ तालुक्यातून बांबूच्या चटया आणून त्या छताला लावल्या. दोन पत्रे काढून तिथे पारदर्शक शीट बसवली, पूर्वी धाब्याला उजेडासाठी भोक असायचं तसं, दुपारी माजघरात आता लाईट लावावा लागत नाही. बुजवलेले कोनाडे परत उघडले, एकात तर वडिलांचा अडकित्ता निघाला, विटा रचणाऱ्याने न बघता आतच बंद केला होता. फरशी शहाबादी, पॉलिश न केलेली. वायरिंग सगळं नवीन, आणि अर्थिंग खरोखरचं, आधी थ्री पिनचं तिसरं भोक नुसतं शोभेला होतं. ३० मिलिअँपची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईट तोडणारा स्विच, लावली, ती बसवल्याच्या आठवड्यात दोनदा पडली तेव्हा कळलं की पाण्याची मोटर बॉडीला करंट मारत होती, म्हणजे इतकी वर्षं आम्ही नशिबावर जगलो. बाथरूम-संडास घरालगत घेतलं, खडबडीत टाइल्स, कमोडशेजारी पकडायला दांडा. याचे फोटो कोणी पुरवणीत छापणार नाही, पण गावाकडे म्हातारं माणूस रात्री दोनला परसात जातं तेव्हा याचीच गरज असते.

पोरगी एक गोष्ट सांगत होती ती इथे लिहितो. लॉरी बेकर म्हणून आर्किटेक्ट होते, १९१७ साली बर्मिंगहॅमला जन्मले आणि आयुष्य भारतात काढलं, शेवटी केरळात. त्यांना गांधीजींनी सांगितलं होतं म्हणे की घराचं सामान घराच्या पाच मैलांच्या आतलं असावं. मिस्त्रींना हे सांगितलं तर ते म्हणाले पाच मैलांवर सामान मिळंल, मिस्त्री नाही मिळणार. खरं आहे ते. त्यांचं वय अडुसष्ट, मुलगा एमआयडीसीत फिटर, चुन्याचं काम शिकायला मागे कोणी नाही. आपल्या आयटीआयमध्ये गवंडीकाम शिकवतात त्यात आठवडाभर चुना आणि माती शिकवली तरी निम्मं काम होईल. आणि नाशकात आर्किटेक्चरची कॉलेजं आहेत, पोरं स्टडी टूरला अहमदाबाद, चंदीगडला जातात, जरूर जावं, पण एक आठवडा निफाड, येवला, बागलाणच्या गावठाणात टेप घेऊन फिरावं, वाडे मोजावे, घरातल्या बाईला ओट्याची उंची विचारावी. तुम्ही पण पुरवणीत महिन्यातून एक असं घर छापा ज्यात माणसं राहतात. चपलांसकट. घरातलं काय चुकलं ते पण छापा, त्याचा लोकांना जास्त उपयोग आहे.

कोणी म्हणेल जुनं ते सोनं म्हणणारा आणखी एक म्हातारा. तसं नाही. माझी आई त्या जुन्या काळ्या स्वयंपाकघरात चाळीस वर्षं धुरात खोकली आहे, ते घर मला परत नकोय. स्लॅबचं घर बांधायचं तर बांधा, मॉड्युलर पण करा, पण मापं कोणाची घेताय ते बघा.

ओटा मिस्त्रींनी कसा ठरवला ते सांगायचं राहिलं. आईला म्हणाले, "मावशी, भाकर थापायला हात करता तसा करा." तिने हवेतच परात धरल्यासारखे हात केले, त्यांनी कोपरापासून पाच-सहा इंच खाली भिंतीवर खडूने रेघ मारली. तीस इंच भरले. सुनेला वाकावं लागतं म्हणून तिच्यासाठी शेजारी चौतीसचा दुसरा तुकडा केला, एकाच कडप्प्यात पायरी. दिसायला विचित्र आहे, येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो हे असं का. पाट परत देवघरात गेला.

आणि हो, खड्ड्यात चार-पाच घमेली चुना अजून शिल्लक आहे, वर पाणी ठेवलंय त्यामुळे खराब होत नाही, उलट जुना झाला की चांगला. गोदाकाठच्या कोणाला भिंतीसाठी हवा असेल तर पत्ता तुमच्या ऑफिसात देऊन ठेवतो, येऊन न्यावा. पैसे नकोत, बादली तेवढी स्वतःची आणावी.

आपला,
एक जुना वाचक,
सिडको, नाशिक